बाथरूममधली लेकुरवाळी

आमच्या घरात टांगलेल्या एका झाडामुळं आमच्या तालमीचा फुटबॉल संघ हरला, ही आमच्या गल्लीची अधिकृत भूमिका आहे. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. पानाला रंग कशामुळं येतो, हे दरवर्षी नववीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून समजावते. त्या आकृतीला शिवाजी पेठेत काडीची किंमत नाही, हे मात्र लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

झाड मी विकत आणलेलं नव्हतं. (मी मूळची घाटाजवळच्या मलकापूरची. आमच्याकडं पावसाळ्यात कौलावर, भिंतीवर, बाहेर विसरलेल्या चपलेवरसुद्धा काहीतरी उगवतं. झाडासाठी दुकानात जाणं म्हणजे आमच्याकडं वेडेपणाच.) शाळेच्या एका कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे आलेच नाहीत आणि त्यांना पुष्पगुच्छाऐवजी द्यायला आणलेली कुंडी माझ्या गळ्यात पडली. स्पायडर प्लँट. लांब, बारीक, वाकलेली हिरवी पानं आणि दोन्ही कडांना पांढरी किनार.

आमचं घर म्हणजे गल्लीत उभी खोचलेली तीन मजली अरुंद इमारत. ऊन आमच्या घरी थेट येत नाही. समोरच्या पिवळ्या भिंतीवर आपटतं आणि मग आमच्याकडं वळतं. या झाडाला नेमकं असंच, दुसऱ्याकडून आलेलं ऊन आवडतं. म्हणून मी ते गल्लीकडच्या खिडकीत टांगलं. आदल्या दिवशी भांड्यात काढून ठेवलेलं पाणी घालायचं, वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा घालायचं नाही, एवढंच काम.

माझ्या सासूबाईंनी (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) नाव विचारलं. मी सांगितलं. स्पायडर म्हणजे कोळी, हे त्यांना नातवंडांच्या कार्टूनमुळं माहीत होतं. घरात आधीच कोपऱ्याकोपऱ्यात आहेत तेवढे कोळी पुरे झाले नाहीत का, असं त्या म्हणाल्या. मी समजावलं की याला लांब देठ फुटतात आणि देठांच्या टोकाला पिल्लं लोंबतात, ती कोळ्यासारखी दिसतात, म्हणून हे नाव. आत्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग सरळ लेकुरवाळी म्हणा की."

त्या दिवसापासून ती लेकुरवाळी झाली.

आता सासऱ्यांविषयी सांगायला हवं. आबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. तरुणपणी ते आमच्या तालमीच्या संघात बचावाला खेळायचे (आमच्या पेठेत तालमीत कुस्ती कमी आणि फुटबॉल जास्त). त्यांच्या बाजूनं पुढं गेलेला खेळाडू चेंडूसकट घरी परतला नाही, असं ते स्वतः सांगतात. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरातलं जेवण, पाहुणे, दवाखाना, सगळं सामन्यांच्या वेळापत्रकाप्रमाणं चालतं. माझं बाळंतपणसुद्धा एका उपांत्य सामन्याच्या दिवशी झालं, आणि पेढे नक्की कशाचे वाटले हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

झाड टांगलं त्याच आठवड्यात आमचा संघ हरला. हरला तोही अशा संघाकडून, ज्यांना आबा संघ म्हणतच नव्हते, "ती पोरं" म्हणत होते. आबा स्टेडियमवरून आले, खिडकीसमोरच्या खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि एकटक वर बघत राहिले.

"पोरी, ह्याचा रंग कुठला हाय?"

मी म्हणाले, हिरवा, कडेनं पांढरा. आणि सवयीनं पुढं सांगायला लागले की हरितद्रव्य जिथं नसतं तिथं पान पांढरं दिसतं. आबांनी हात वर करून मला थांबवलं.

"हिरवा-पांढरा कुणाचा झेंडा हाय?"

आमच्या तालमीचा रंग लाल-काळा. हिरवा-पांढरा पलीकडच्या तालमीचा. दोन्ही तालमींचं वैर इतकं जुनं आहे की ते कशावरून सुरू झालं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते मिटतही नाही. आबांचं म्हणणं असं की मी त्यांच्याच घरात, गल्लीला दिसेल असा, पलीकडच्यांचा झेंडा लावला होता. वर त्याला पाणीही घालत होते.

मी हसले. ही माझी पहिली चूक.

पुढच्या सामन्यात आम्ही पुन्हा हरलो. संध्याकाळी खाली गल्लीत तालमीची पोरं जमली. सगळे नुसते माना वर करून आमच्या खिडकीकडं बघत होते. थोड्या वेळानं इरफान वर आला. इरफान आमच्या शेजारच्या शबाना चाचींचा मुलगा, मोटारींच्या सीटची कव्हरं शिवतो आणि आमच्या संघाचा गोलकीपर आहे. अतिशय सभ्य. दारातच उभा राहून म्हणाला की त्याचं स्वतःचं या झाडाबद्दल काही म्हणणं नाही, पण गोल खाल्ला त्या वेळी त्याचं लक्ष झाडाकडं गेलं होतं.

मी विचारलं, "स्टेडियमातून?"

"दिसलं न्हाई वहिनी. पण मनात आलं की."



घरात बैठक बसली. आबांचं मत झाड फेकून द्यावं. आत्या म्हणाल्या, नाव लेकुरवाळी ठेवलंय, अशीला दाराबाहेर काढायची नाही. या घरात ते होणार नाही. माझा नवरा संदीप दोघांकडं आळीपाळीनं बघून मान हलवत होता (लग्नापासून तो हेच काम करतोय). शेवटी तोडगा निघाला. झाड घरात राहील, पण गल्लीला दिसणार नाही. आणि आमच्या घरात गल्लीला न दिसणारी एकच जागा आहे. बाथरूम.

लेकुरवाळी बाथरूममध्ये गेली, आणि पुढचा सामना आम्ही जिंकलो.

योगायोग म्हणजे काय, हे मी रात्रीच्या जेवणाला समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग आबांनी नियम जाहीर केला. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत झाड आहे त्या जागेवरून हलायचं नाही आणि त्या वेळात कुणी आंघोळीला जायचं नाही. झाडावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं आलं, कारण आणलं मी होतं. म्हणजे सामन्याच्या दिवशी सगळा गाव स्टेडियमवर आणि मी बाथरूममध्ये स्टुलावर. रिकामं कशाला बसायचं म्हणून मी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत बसायची.

एकदा संदीप कामावरून घामाघूम होऊन आला. मी दळण आणायला खाली गेले होते. मोबाईलवर सामना बघत बघत त्यानं कुंडी उचलून पॅसेजमध्ये ठेवली आणि अंगावर पाणी घेतलं. तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला. आणि लगेच फोन वाजला. आबा स्टेडियममधून ओरडत होते, "झाड कुठं हाय?" संदीप साबणाच्या अंगानं धावत गेला, कुंडी जागेवर ठेवली. शेवटच्या काही मिनिटांत आम्ही दोन गोल करून जिंकलो. त्यानंतर योगायोग हा शब्द मी घरात काढलाच नाही.

इकडं झाडाचं भलतंच चाललं होतं. स्पायडर प्लँटला ऊब, दमट हवा आणि मंद उजेड दिला की ते खूश. आमचं बाथरूम म्हणजे नेमकं तेच. धुरकट काचेची खिडकी, सकाळी घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीची वाफ. खिडकीत असताना पानांची टोकं जरा करपायची, तीही थांबली. लांब देठ फुटले, त्यांवर बारीक पांढरी फुलं आली आणि बघता बघता टोकाटोकाला पिल्लं लोंबायला लागली. पुढचा सामना जिंकला, अजून पिल्लं आली. मी शास्त्र सांगत होते आणि गल्ली पिल्लं मोजत होती.

आमच्या बाथरूमला भेट द्यायला लोक येऊ लागले. कधी तोंडही न पाहिलेली माणसं जिना चढून यायची, "न्हाणीघर कुठल्या बाजूला?" असं विचारायची, आत डोकावायची आणि समाधानानं परत जायची. संघाचा कॅप्टन आला तेव्हा त्यानं बाथरूमच्या दारात बूट काढले. आत फरशी ओली होती, तो मोज्यांसकट भिजला. कुणीतरी कुंडीला हळदकुंकू वाहून गेलं. ते धुताना आत्या दिवसभर बोलत होत्या, कारण बाथरूमच्या पांढऱ्या फरशा त्यांनी हट्टानं बसवून घेतल्या होत्या.

आबांनी आता त्यामागचा सिद्धांतही मांडला होता. झाड म्हणजे पलीकडच्यांचा झेंडा. तो आपण पकडून कोंडलाय. म्हणून त्यांचं नशीब आपल्या ताब्यात. मी म्हटलं, कोंडलेलं असतं तर सुकलं असतं, हे तर मजेत आहे, वर पोरंबाळं झाली आहेत. आबा म्हणाले, "कैदी सुखात हाय, त्येला आपण काय करणार?"

आणि मग अंतिम सामना ठरला. आमची तालीम आणि पलीकडची तालीम.

त्या आठवड्यात एकदा जेवताना मी सहज सांगितलं की, पिल्लं फार झाली होती म्हणून एक तोडून ग्लासातल्या पाण्यात ठेवलं होतं, त्याला छान मुळं फुटली आणि मी ते आमच्या शाळेतल्या हिंदीच्या सुनंदा मॅडमना दिलं.

आबांनी भाकरी खाली ठेवली. "कुठं राहत्यात त्या?"

सुनंदा मॅडम पलीकडच्या तालमीच्या अगदी मागच्या गल्लीत राहतात.

 आत्यांनीसुद्धा माझी बाजू घेतली नाही. आबा एवढंच म्हणाले की इतकी वर्षं मैदानात कुणाला पुढं जाऊ दिलं नाही, आणि घरच्या सुनेनं कैदी पळवून लावला. दुसऱ्या दिवशी पिल्लू परत आणायचं, असा हुकूम निघाला.

दिलेली भेट परत मागायला कुठल्या तोंडानं जायचं? सोबत म्हणून मी शबाना चाचींना घेतलं. त्यांचा मुलगा गोलात उभा राहणार, म्हणजे त्यांचाही जीव टांगणीला होता. वाटेत आम्ही कारण ठरवलं: झाडाला कीड आहे, ती माणसांनाही लागते. (असं होत नाही. मुलांनी परीक्षेत लिहिलं तर मी शून्य देते.)

सुनंदा मॅडमनी आम्हाला बघितलं आणि त्याच ओशाळल्या. पिल्लू त्यांच्याकडं नव्हतंच. त्यांच्या सासऱ्यांनी खिडकीत ते बघितलं, रंग ओळखला आणि तडक तालमीत नेऊन ठेवलं. मग आम्ही दोघी, आयुष्यात पहिल्यांदा, पलीकडच्या तालमीच्या दारात उभ्या राहिलो.

आम्ही कुठल्या पेठेच्या, हे त्यांना लगेच कळलं. मला वाटलं आता हाकलतात. तर त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला. "या पावणं, बसा." आमच्या घरात त्यांचा रंग वाढला, याचं त्यांना फार कौतुक होतं. पिल्लू ढालींच्या कपाटावर ठेवलं होतं, बरोबर दारातून येणाऱ्या कडक उन्हात. एका पितळी तांब्यात. तांब्याला हिरवी-पांढरी फीत बांधली होती.

आणि पिल्लू मरायला टेकलं होतं.

पानं पिवळी पडून लुळी झाली होती, टोकं तपकिरी. तालमीत येणारा प्रत्येक जण श्रद्धेनं त्याला तांब्याभर पाणी घालून जात होता. तांब्याला खाली भोक नव्हतं, त्यामुळं मुळं चिखलात कुजायला लागली होती. त्यांचा कॅप्टन, दरवाजाएवढा माणूस, माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, अंतिम सामना हाय आन हे असं कराय लागलंय. काय करायचं ओ?"

मी किडीचं कारण सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण समोर ते पिल्लू मान टाकून पडलं होतं. माझ्याच ग्लासात त्याला पहिलं मूळ फुटलं, तेव्हा मी वर्गात नेऊन पोरांना दाखवलं होतं. मी म्हणाले, "आधी उन्हातून काढा."

चाचींनी मला जोरात चिमटा काढला.  सगळे माझ्याकडं बघत राहिले. मग माझं मलाच राहवेना. पाणी बंद करा, म्हणाले, कुजलेली मुळं कात्रीनं काढा, कोरड्या मातीत लावा, सावलीत पण उजेडात ठेवा. चाचींनी दुसरा चिमटा काढला, तो पहिल्यापेक्षा वाईट होता. कॅप्टन मान हलवून सगळं पाठ करत होता. आम्ही चहा संपवून उठलो, दारापर्यंत आलो, आणि चाची मागं वळल्या.

"आन तांब्या बदला. खाली भोक असलेलं भांडं घ्या. बिचारं बुडालंय त्यात."

बाहेर आल्यावर त्या कोपऱ्यापर्यंत झपाझप चालल्या. मग म्हणाल्या की इरफानला यातलं अक्षर सांगायचं नाही. घरी आबांना मी सांगितलं, पिल्लू मेल्यात जमा आहे. ते अर्ध्या तासापूर्वीपर्यंत खरं होतं.

अंतिम सामन्याला चाचींनी मला ओढून स्टेडियमवर नेलं. एकटीला बघवणार नाही म्हणाल्या. झाडापाशी आत्यांना बसवलं. सामना बरोबरीत चालला आणि अगदी शेवटी पलीकडच्यांनी गोल केला. चेंडू इरफानच्या बोटांना लागून आत गेला. चाचींनी माझा हात धरला होता, तो आणखी घट्ट झाला. इरफान उठलाच नाही, गवतावर पालथा पडून राहिला. मग पलीकडच्याच कॅप्टननं जाऊन त्याला उठवलं आणि पाठीवर थोपटलं.

घरी सुतक असल्यासारखं. आबा खुर्चीत, इरफान जिन्याच्या पायरीवर, तालमीची चार-दोन मंडळी भिंतीला टेकून. लांबून पलीकडच्यांच्या मिरवणुकीची हलगी ऐकू येत होती. ती जवळ जवळ येत गेली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आली आणि एकदम थांबली. सगळे ताठ झाले.

जिन्यावर पावलं वाजली. दारात त्यांचा कॅप्टन. नखशिखांत गुलालानं माखलेला, एका हातात कप, दुसऱ्या हातात मातीची कुंडी. कुंडीत पिल्लू. पिवळी पानं कापलेली, उरलेली ताठ, मधोमध नवीन पानाचं कोवळं टोक.

"आबा, रागावू नका," तो म्हणाला. "जिंकलो तर ह्याला आईला भेटवायचं, आसा नवस बोललो हुतो."

आबांनी त्याच्याकडं बघितलं, कपाकडं बघितलं. दारात आलेल्या पावण्याला परत पाठवायची पद्धत आमच्याकडं नाही. ते उठले आणि हातानं बाथरूमकडं वाट दाखवली. कॅप्टन आत गेला. बाहेर सगळी तालीम, जिंकलेली आणि हरलेली, माना वाकवून बघत उभी. त्यानं कप कमोडच्या झाकणावर ठेवला आणि पिल्लाची कुंडी लेकुरवाळीच्या खाली धरली. मग तो बाहेर आला, माझ्यापुढं चक्क वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या मॅडमनी औषध सांगितलं म्हणून जगलं. न्हाईतर आमचं काय खरं नव्हतं."

पायरीवरून इरफाननं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी आत्यांकडं बघितलं. आत्या म्हणाल्या, "मी चहा टाकते," आणि गेल्या. चाचींनी मात्र पदर सावरला आणि मुलाला स्पष्ट सांगितलं की भोकाचं भांडं मी सुचवलं, काय बोलायचं ते मला बोल. इरफाननं आधी कपाळावर हात मारला. मग त्याला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. आबा सोडून.

आबा माझ्याशी पाऊस सुरू होईपर्यंत बोलले नाहीत. तेवढ्या काळात त्यांनी विचार केला. या हंगामाच्या तोंडावर त्यांनी सगळ्यांना बसवून निष्कर्ष सांगितला. झाड खिडकीत होतं, हरलो. झाड बाथरूममध्ये होतं, जिंकलो. पण अंतिम सामन्याला झाड बाथरूममध्येच होतं, तरी हरलो. म्हणजे झाडाचा काही संबंध नाही. मी म्हटलं, अगदी बरोबर, हेच मी पहिल्यापासून सांगतेय.

"मग जिंकलो तवा बाथरूममधी आन काय हुतं?" आबा म्हणाले. "तू हुतीस."

लेकुरवाळी आता पुन्हा गल्लीकडच्या खिडकीत आहे, मानानं. सामन्याच्या दिवशी बाथरूममध्ये मी असते. वह्या तिथंच तपासते, दमट हवेनं पानं जरा चिकटतात. आधी मी हे घरात शांतता राहावी म्हणूनच करत होते. पण मागच्या सामन्यात मध्यंतराला चहा घ्यायला जरा बाहेर आले आणि तेवढ्यात आपण गोल खाल्ला. तेव्हापासून कडी मी आतून लावते.